बाहेरचा नियम, आतले दार : अधिराष्ट्रीय कायदा आपल्यापर्यंत कसा पोहोचतो हे कसे तपासावे

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते उठवले, त्या आठवड्यात तालुका न्यायालयासमोरच्या चहाच्या टपरीवर एका जुन्या पक्षकाराने मला विचारले, "वकीलसाहेब, हे डब्ल्यूटीओवाल्यायनं केलं म्हन्तेत, खरं हाय काय?" डब्ल्यूटीओ म्हणजे जागतिक व्यापार संघटना. ते खरे नव्हते. हे शुल्क २०२१ च्या अर्थसंकल्पात दिल्लीने लावले होते आणि दिल्लीनेच अधिसूचना काढून ते उठवले. तरीही त्यांचा प्रश्न वावगा होता असे मी म्हणणार नाही, कारण बियाण्याची पिशवी, तिळाचा भाव, कर्जवसुलीचा दावा आणि ग्रामपंचायतीच्या कपाटातली एक नोंदवही या सगळ्यांवर देशाबाहेर ठरलेल्या नियमांचा परिणाम खरोखरच झालेला आहे. एखादा नियम बाहेरून आला आहे का, तो कोणत्या वाटेने आला आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागायची, हे तपासण्याची जी पद्धत मी वापरतो ती येथे देतो. तालुक्याच्या ठिकाणी नव्याने वकिली करणाऱ्यांना, सरपंचांना आणि शेतकरी उत्पादक कंपन्या चालवणाऱ्यांना ती उपयोगी पडेल.

आधी नियम कोणाचा, ते पाहा

बाहेरून आलेला प्रत्येक नियम आंतरराष्ट्रीय कायदा नसतो. बांगलादेशाने संत्र्यावरील आयात शुल्क वाढवत नेले आणि वरूड-मोर्शी भागातील बागायतदारांचा माल अडला, तेव्हा तो एका शेजारी देशाने आपल्या अधिकारात घेतलेला निर्णय होता. त्यावर उपाय म्हणजे दोन सरकारांची बोलणी किंवा आपल्या सरकारचे अनुदान. कोणत्याही न्यायालयात त्याची फिर्याद नेऊन उपयोग नाही. दुसरा प्रकार आंतरराष्ट्रीय कराराचा. त्यात सरकारे एकमेकांना शब्द देतात, आणि तो पाळण्याची जबाबदारी सरकारची असते, नागरिकाची नव्हे. तिसरा प्रकार अधिराष्ट्रीय कायद्याचा. येथे काही देश आपल्या अधिकारांचा एक वाटा कायमच्या सामाईक संस्थांकडे सोपवतात आणि त्या संस्थांचे नियम सदस्य देशांतील माणसांना व कंपन्यांना थेट लागू होतात. प्रत्येक देशाच्या संसदेने त्यासाठी पुन्हा कायदा करण्याची गरज उरत नाही.

या तिसऱ्या प्रकाराचे पूर्ण वाढलेले उदाहरण जगात एकच आहे, असे माझे मत आहे, आणि ते म्हणजे युरोपीय संघ. आफ्रिकेतील १७ देशांची ओहाडा ही संघटना व्यापारी कायद्यापुरते जवळपास तसेच काम करते. पण न्यायालयाने अधिराष्ट्रीय कायद्याची एकेक वीट कशी रचली हे समजून घ्यायचे असेल तर युरोपकडेच पाहावे लागते. भारत अशा कोणत्याही संघाचा सदस्य नाही. त्यामुळे "आंतरराष्ट्रीय कायद्याने आम्हाला बांधले आहे" असे कोणी भाषणात म्हटले, तर ते वाक्य तसेच्या तसे स्वीकारू नये.

युरोपात हे कसे घडले

१९६२ मध्ये इटलीने वीजधंद्याचे राष्ट्रीयीकरण केले. मिलानमधील फ्लामिनिओ कोस्ता नावाच्या वकिलाचे एका वीज कंपनीत समभाग होते आणि त्याला हे राष्ट्रीयीकरण मान्य नव्हते, म्हणून त्याने १९२५ लिरांचे विजेचे बिल भरण्यास नकार दिला आणि हा कायदा युरोपीय कराराशी विसंगत असल्याचे न्यायालयात सांगितले. आपल्याकडे असे केले असते तर युक्तिवादाआधी लाइनमन वीज तोडायला आला असता. इटालियन सरकारचे म्हणणे सरळ होते: करार आधीचा, आमच्या संसदेचा कायदा नंतरचा, म्हणून नंतरचा कायदा लागू. लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने १५ जुलै १९६४ रोजी हे म्हणणे फेटाळले. या कराराने स्वतःची वेगळी कायदेव्यवस्था निर्माण केली असून ती सदस्य देशांच्या कायद्याचाच भाग झाली आहे, तेव्हा एखाद्या देशाच्या संसदेला नंतर कायदा करून तिच्यातून हवे तेव्हा निसटता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. युरोपीय कायद्याच्या श्रेष्ठत्वाचे तत्त्व म्हणतात ते हेच.

त्याच्या सुमारे दीड वर्ष आधी, फेब्रुवारी १९६३ मध्ये, याच न्यायालयाने आणखी एक पायरी बांधली होती. व्हान गेंड एन लोस या डच वाहतूक कंपनीने जर्मनीतून एक रसायन आणले आणि नेदरलँड्सने त्यावर ३ ऐवजी ८ टक्के शुल्क मागितले. सदस्य देशांनी आपसातील शुल्क वाढवू नये, असे करारात लिहिले होते. प्रश्न एवढाच होता, की करार देशांनी देशांशी केलेला असताना एक खासगी कंपनी त्याचा आधार घेऊन आपल्याच सरकारविरुद्ध उभी राहू शकते का. न्यायालयाने होकार दिला: करारातील कलम स्पष्ट आणि बिनशर्त असेल तर नागरिक त्याचा हक्क म्हणून थेट वापर करू शकतो. याला थेट परिणामाचे तत्त्व म्हणतात. माझ्या दृष्टीने दोन्ही निकालांत हाच अधिक मोलाचा आहे, कारण श्रेष्ठ असलेला पण सामान्य माणसाला वापरता न येणारा कायदा शोभेचाच राहतो.

या दोन तत्त्वांची सर्वांत कडक परीक्षा ब्रिटनमध्ये झाली. आपल्या संसदेहून वरचढ काही असू शकत नाही, असे तेथे पिढ्यानपिढ्या शिकवले जात होते. १९८८ च्या नौवहन कायद्याने स्पॅनिश मालकीच्या मासेमारी नौकांना ब्रिटिश नोंदणी मिळणे अवघड केले, तेव्हा फॅक्टरटेम नावाची कंपनी आणि इतर काही जण न्यायालयात गेले आणि १९९० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाला आपल्याच संसदेच्या कायद्याची अंमलबजावणी अंतरिम आदेशाने थांबवावी लागली. मात्र हे शक्य झाले, कारण ब्रिटिश संसदेने १९७२ मध्ये स्वतः कायदा करून युरोपीय कायद्याला देशात जागा दिली होती. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडला तोही आपल्या संसदेच्या कायद्यानेच. दार आतूनच उघडले होते आणि आतूनच लावले गेले. पुढे भारताबद्दल वाचताना ही गोष्ट लक्षात असू द्यावी.

युरोपीय नियम वाचताना त्याचे नाव आधी पाहावे. विनियम असेल तर तो प्रकाशित होऊन अमलात आला की २७ ही देशांत थेट लागू होतो. निदेश असेल तर साध्य काय करायचे ते संघ ठरवतो आणि त्यासाठी कायदा कसा करायचा ते ठरलेल्या मुदतीत प्रत्येक देश ठरवतो. मुदत संपूनही देशाने काहीच केले नाही तर? इटलीत दिवाळखोर कंपन्यांतील कामगारांचा पगार बुडाला आणि त्यांच्या संरक्षणाचा निदेश सरकारने अमलात आणलेलाच नव्हता. १९९१ च्या फ्रँकोविच निकालाने अशा नुकसानीबद्दल सरकारकडूनच भरपाई मागता येते हे ठरवले. सरकारच्या आळसाची किंमत सरकारकडून वसूल करणारे हे तत्त्व आपल्याकडे हवे होते, असे मला अनेकदा वाटले आहे.

सदस्य देशांची न्यायालयेही सारे निमूटपणे मान्य करतात असे नाही. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९७४ पासून मूलभूत हक्कांच्या बाबतीत अंतिम शब्द आपल्याकडे राखून ठेवण्याचा प्रयत्न केला आहे, आणि मे २०२० मध्ये तर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखे खरेदीच्या प्रश्नावर त्याने लक्झेंबर्गचा निकाल आपल्यावर बंधनकारक नसल्याचे सांगितले.

करार नाही, तरी माल अडतो

आता आपल्या मातीतले उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइडचे अंश बेल्जियमला आढळले. हा वायू साठवणीत आणि निर्यातीपूर्वी जंतू मारण्यासाठी वापरला जातो. शेतात त्याची फवारणी होत नाही. युरोपात तिळासाठी त्याची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम इतकी आहे. पुढच्याच महिन्यात संघाने विनियम काढला, की भारतीय तिळासोबत तपासणीचा अहवाल व प्रमाणपत्र असले पाहिजे आणि निम्म्या मालाची सीमेवर पुन्हा तपासणी होईल. विनियम असल्यामुळे रॉटरडॅम असो वा हॅम्बुर्ग, प्रत्येक बंदरात तो एकाच वेळी लागू झाला.

या नियमाने भारतातल्या एकाही शेतकऱ्यावर कायदेशीर बंधन घातले नाही. बंधन पडले ते युरोपातील आयातदारावर. त्याने ते निर्यातदाराच्या करारात घातले, निर्यातदाराने प्रयोगशाळेचा खर्च आणि माल परत येण्याचा धोका धरून अडत्याला कमी भाव सांगितला आणि अडत्याने तो शेतकऱ्याला सांगितला. अशा वेळी "युरोपाने अन्याय केला" म्हणून निवेदन देण्यात अर्थ नसतो. शेतकरी उत्पादक कंपनीने निर्यातदाराशी करार करताना चार गोष्टी लेखी घ्याव्यात: कोणत्या देशाची मर्यादा लागू होईल, नमुना कोणासमोर आणि कोणत्या टप्प्यावर घेतला जाईल, तपासणीचा खर्च कोणाचा, आणि माल ताब्यात दिल्यानंतर गोदामात मिसळलेल्या रसायनाची जबाबदारी कोणाची. शेवटचे कलम तिळाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे होते आणि मी पाहिलेल्या एकाही करारात ते नव्हते. आणखी एक गोष्ट माहीत असावी: ज्या कीटकनाशकासाठी युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सर्वसाधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा लागते. म्हणून आपल्याकडे परवानगी असलेले औषध तेथे चालेलच असे धरून चालू नये.

भारतात करार कायदा केव्हा होतो

भारतीय पद्धतीत करारावर सही होणे आणि तो देशाचा कायदा होणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत. सही आणि अनुसमर्थन, म्हणजे सही केलेल्या कराराला अंतिम मान्यता, केंद्र सरकार देते. राज्यघटनेचे कलम ५१ आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर वाढवण्यास सांगते, पण ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या जोरावर न्यायालयाकडून अंमलबजावणी मागता येत नाही. खरी ताकद कलम २५३ मध्ये आहे: कराराची अंमलबजावणी करण्यासाठी संसद कोणताही कायदा करू शकते, विषय राज्यसूचीतला असला तरीही. शेती हा राज्याचा विषय आहे असे आपण नेहमी ऐकतो. परंतु शेतीविषयीचा जागतिक करार दिल्लीने केला आणि त्यासाठी कायदा करायचा ठरवला, तर मुंबईच्या संमतीवाचून तो होऊ शकतो.

म्हणून एखादा केंद्रीय कायदा हाती आला की पहिले कलम वाचण्याआधी त्याची प्रस्तावना वाचावी. कराराचा धागा बहुतेक तेथेच सापडतो. वाणांचे संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या प्रस्तावनेत ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या कराराच्या कलम २७ चा स्पष्ट उल्लेख आहे. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेसोबत आलेल्या त्या कराराने पिकांच्या वाणांना पेटंट किंवा दुसरे एखादे परिणामकारक संरक्षण द्यायला सांगितले होते. ते दुसरे संरक्षण कसे असावे हे मात्र देशावर सोडले होते, आणि या मोकळ्या जागेत आपल्या संसदेने शेतकऱ्यांचे हक्क बसवले. कलम ३९ प्रमाणे शेतकरी संरक्षित वाणाचे बियाणेसुद्धा राखून ठेवू शकतो, पेरू शकतो, देवाणघेवाण करू शकतो आणि विकूही शकतो. फक्त ब्रँडच्या नावाने, पिशवीबंद करून विकता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे यांनी धानाच्या शेतात वेगळ्या लोंब्या निवडत निवडत एचएमटी हा वाण घडवला आणि तो हातोहात दूरवर पोहोचला. अशा माणसाला पैदासकार म्हणून नोंद करण्याचा मार्गही हाच कायदा देतो, आणि त्यासाठी शेतकऱ्याला शुल्क पडत नाही. करार बाहेरचा असला तरी त्यातून घडलेला कायदा पूर्णपणे आपला असू शकतो, हे यावरून दिसते.

भौगोलिक मानांकनाचेही मूळ ट्रिप्समध्येच आहे. १९९९ चा कायदा सप्टेंबर २००३ पासून लागू झाला आणि त्यातूनच नागपुरी संत्री, वायगावची हळद आणि भिवापूरची मिरची यांना मानांकन मिळाले.

कायदाच नसेल तर

करार झाला, पण संसदेने कायदा केला नाही, अशी स्थिती बऱ्याचदा असते. तेव्हा न्यायालयाकडे पाहावे लागते. कर्जाच्या दाव्यांत मला सर्वाधिक उपयोगी पडलेला निकाल या प्रकारातला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ खाली हुकूमनाम्याची रक्कम न भरणाऱ्याला दिवाणी कैदेत टाकता येते. केवळ करारान्वये देणे फेडता येत नाही म्हणून कोणाला कैद करू नये, असे नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिले आहे आणि भारत १९७९ मध्ये त्या करारात सामील झाला. जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या. करार आपोआप देशाचा कायदा होत नाही, हे त्यांनी मान्य केले. परंतु संहितेच्या कलम ५१ चा अर्थ लावताना करार आणि घटनेचे कलम २१ डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी ठरवले की नुसती गरिबी पुरेशी नाही, ऐपत असून देण्याची टाळाटाळ किंवा अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे. सावकाराच्या वकिलाने कैदेचा अर्ज दिला की मी हा निकाल पुढे ठेवतो आणि ऋणकोकडे खरोखर काय आहे याची चौकशी मागतो. करार असा अप्रत्यक्षपणे, अर्थ लावण्याच्या वाटेने आत येतो.

कायद्यात पूर्ण पोकळी असेल तर न्यायालय याहून पुढे जाते. महिलांवरील भेदभावाविरुद्धच्या कराराचे भारताने १९९३ मध्ये अनुसमर्थन केले होते. विशाखा खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घातली आणि २०१३ मध्ये कायदा येईपर्यंत तीच कायद्यासारखी चालली. पण देशाचा कायदा आणि करार यांत सरळ विरोध असेल तर भारतीय न्यायालय देशाचा कायदाच लावते, आणि कोस्ताच्या निकालापासून आपली वाट वेगळी होते ती येथे. नागपूर खंडपीठात रिट याचिका करताना नुसता करार जोडून भागत नाही. तो कोणत्या भारतीय कलमाचा अर्थ लावण्यासाठी हवा आहे, हे लिहावे लागते.

आणि मग कापूस

जागतिक व्यापार संघटनेत वाद सरकारेच मांडू शकतात. अमेरिकेच्या कापूस अनुदानांमुळे जगातले भाव पडतात, ही तक्रार विदर्भाने वर्षानुवर्षे केली, पण ती संघटनेच्या जिनिव्हातील मुख्यालयात २००२ मध्ये ब्राझीलने नेली. २००५ मध्ये अपील मंडळाने ब्राझीलच्या बाजूने निर्णय दिला, आणि अखेर २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन ब्राझीलशी तडजोड केली. यवतमाळच्या शेतकऱ्याला त्यातला रुपयाही मिळण्याचा प्रश्न नव्हता, कारण खटल्यात जो देश स्वतः तक्रारदार नाही त्याला तडजोडीत वाटा नसतो.

उलट बाजूही पाहावी. हमीभावाने होणारी खरेदी संघटनेच्या शेतीविषयक कराराच्या हिशेबात अनुदान मानली जाते आणि विकसनशील देशांना साधारणपणे पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत सूट असते. २०१८ मध्ये अमेरिकेने भारताच्या कापूस हमीभावाबद्दल संघटनेत प्रतिसूचना, म्हणजे भारताने कळवलेल्या आकड्यांना आव्हान देणारी नोंद, दाखल केली. ही मर्यादा ओलांडली तरी वाद न नेण्याचे जे तात्पुरते संरक्षण बाली येथे २०१३ मध्ये मिळाले, ते पारंपरिक अन्नपिकांच्या साठ्यापुरते आहे. कापूस अन्नपीक नसल्याने त्यात बसत नाही. हमीभावाच्या सभेत हा फरक कोणी सांगत नाही. मात्र डिसेंबर २०१९ पासून संघटनेचे अपील मंडळच सदस्यांअभावी बंद आहे, त्यामुळे पॅनेलचा, म्हणजे वाद आधी ऐकणाऱ्या मंडळाचा, निर्णय विरुद्ध गेला तरी देश अपील करून तो लोंबकळत ठेवू शकतो. साखरेच्या वादात भारताने २०२२ मध्ये तेच केले. तेव्हा खरेदी केंद्र उघडले नाही याचे कारण म्हणून कोणी डब्ल्यूटीओचे नाव सांगितले, तर त्याच्याकडे आदेशाचा क्रमांक मागावा.

गावात सुरुवात कोठून करावी

सर्वांत जवळचा पुरावा ग्रामपंचायतीत असतो. रिओ येथे १९९२ मध्ये झालेल्या जैवविविधता करारातून आपला २००२ चा जैविक विविधता कायदा आला, त्याच्या कलम ४१ मधून प्रत्येक स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती आली आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवहीचे काम आले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये राज्यांना दर महिन्याला १० लाख रुपयांच्या भरपाईची तंबी दिल्यावर या नोंदवह्या घाईघाईने लिहिल्या गेल्या. एका गावची नोंदवही मी चाळली तेव्हा तिच्यात माशांच्या अकरा जाती होत्या. त्या गावात नदी नाही, तलाव नाही, उन्हाळ्यात विहिरींचाही तळ दिसतो. शेजारच्या धरणकाठच्या गावाची प्रत नाव बदलून उतरवली होती. मोहफुलाचा, टेंभुर्णीचा, म्हाताऱ्यांना माहीत असलेल्या औषधी मुळ्यांचा उल्लेखही नव्हता, आणि उद्या एखाद्या कंपनीने तेथील वनस्पतीचा व्यापारी वापर केला तर लाभातला वाटा मागताना गावाला याच नोंदवहीचा आधार घ्यावा लागणार आहे.

आपल्या गावची नोंदवही पाहायची असेल तर आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) तोंडी मागावी. टाळाटाळ झाली तर १० रुपयांचे न्यायालयीन मुद्रांक लावून माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्यावा, त्यात समितीच्या सदस्यांची यादी, सभांची इतिवृत्ते आणि नोंदवहीची पूर्ण प्रत मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करावे. प्रत हाती आली की गावातल्या दोन-तीन जाणत्या म्हाताऱ्यांना बसवून ती वाचून दाखवावी, राहिलेली नावे त्यांच्या बोलीत लिहून घ्यावीत आणि पुढच्या ग्रामसभेत दुरुस्तीचा ठराव मांडावा.